‘काळ्या स्क्रीनला हात लावू नका’ म्हणणाऱ्यांसाठी

सोलापुरातल्या कारखानदार-दुकानदारांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘राउटर ब्राउझरमधूनच सेट करा. कमांड लाइन जुनाट आहे, असुरक्षित आहे, शेकडो कमांड पाठ लागतात आणि एक चुकली की राउटर कायमचा बाद.’

कमांड लाइन म्हणजे तीच काळी स्क्रीन, जिथे क्लिक करण्याऐवजी कमांड टाइप करून राउटरला काम सांगतात. मेसेजमधलं सगळ्यात जास्त घाबरवतं ते शेवटचं वाक्य, म्हणून आधी तेच. सिस्को कंपनीच्या राउटरांवरच्या आयओएस या प्रणालीत दिलेली कमांड लगेच लागू होते खरी, पण फक्त रनिंग कॉन्फिगमध्ये, म्हणजे सध्या चालू असलेल्या सेटिंगमध्ये. ‘राइट मेमरी’ दिल्याशिवाय ती स्टार्टअप कॉन्फिगमध्ये, म्हणजे राउटर सुरू होताना वाचतो त्या साठवलेल्या सेटिंगमध्ये, जात नाही. समजा, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादरीच्या कारखान्याचा राउटर तुम्ही जुळे सोलापुरात घरी बसून बदलताय. अ‍ॅक्सेस लिस्टची (कुणाला आत सोडायचं, कुणाला अडवायचं त्या यादीची) एक ओळ चुकली तर तुमचाच आत जायचा रस्ता बंद. म्हणून जाणकार माणूस कामाला हात घालण्याआधी ‘रीलोड इन 10’ (दहा मिनिटांनी रीस्टार्ट हो) देतो. सगळं जमलं तर ‘रीलोड कॅन्सल’, मग सेव्ह. फसलं तर दहा मिनिटांनी राउटर आपणहून रीस्टार्ट होतो आणि जुन्या कॉन्फिगवर येतो. घाईत आधीच सेव्ह केलंत, तर मात्र चुकीसकट उठेल! मायक्रोटिक या दुसऱ्या कंपनीच्या राउटरवर कंट्रोल-एक्सने सेफ मोड लावता येतो. कनेक्शन तुटलं की त्यातले बदल आपोआप मागे घेतले जातात.

असुरक्षित? टेलनेट या दुरून कमांड लाइन उघडायच्या जुन्या पद्धतीबद्दल मान्य, तिच्यात पोर्ट 23 (नेटवर्कवरचं तिचं ठरलेलं दार) वरून पासवर्ड उघडा जातो. त्यासाठीच सगळं सांकेतिक करून पाठवणारं एसएसएच आहे. उलट ऑक्टोबर 2023 मध्ये सिस्को आयओएस एक्सई या आयओएसच्याच नव्या अवताराच्या वेब पानातच, म्हणजे ब्राउझरमधून सेट करायच्या पानातच, मोठी फट उघड झाली. लॉगिन न करता हल्लेखोर थेट सर्वाधिकार असलेलं खातं तयार करत होते. इंटरनेटला उघड्या असलेल्या राउटरवरचा वेब सर्व्हर (ते पान दाखवणारा भाग) बंद करा, असं खुद्द सिस्कोने सांगितलं. तो बंद करायच्या ओळी: ‘नो आयपी एचटीटीपी सर्व्हर’ आणि ‘नो आयपी एचटीटीपी सिक्युअर-सर्व्हर’. कमांड लाइनवरच्याच.

पाठांतराचं म्हणाल तर प्रश्नचिन्ह दाबा, पुढे काय चालतं ते राउटरच दाखवतो. अर्धा शब्द लिहून टॅब दाबला की उरलेला तोच भरतो.

जुनाटपणाबद्दल एवढंच: पाच शाखांच्या राउटरांवर एकच बदल करायचा असेल तर ब्राउझरमध्ये पाचदा तीच क्लिक-क्लिक. कमांड लाइनवर मजकूर एकदा लिहायचा, तपासायचा, चिकटवायचा.

घरच्या वायफायचा पासवर्ड बदलायला ब्राउझर पुरे, त्यात वाद नाही. पण कारखान्याचा राउटर सांभाळणाऱ्याने निदान ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ देऊन बघावं. ही सिस्कोची कमांड काहीही बदलत नाही, राउटरचा कुठला पोर्ट (जोडणीची जागा) चालू आणि कुठला बंद तेवढं दाखवते.