काल्पनिक जगातलं देवस्थान कसं उभारावं, तेही नाशिकमध्ये बसून

कॉलेज रोडच्या कुठल्याही कॅफेत बसा, शेजारच्या टेबलावर कोणीतरी लॅपटॉप उघडून फँटसी कादंबरी लिहीत असतंच, नाहीतर गेम तरी बनवत असतं. आणि त्या जगात एक प्राचीन पवित्र मंदिर-संकुल असतंच असतं. तुमच्याही जगात असणार. छान आहे, असू द्या. फक्त लिहून होईपर्यंत रविवार कारंज्याच्या पलीकडे जायचं नाही एवढं पथ्य पाळा, म्हणजे पंचवटी नाही, गोदाघाट नाही, त्र्यंबक आणि सिन्नर तर लांबच. उगाच खरं काहीतरी नजरेला पडतं आणि मग डिलीट करत बसावं लागतं.

नावापासून सुरुवात करा. नावात मधे एक टिंब किंवा अपॉस्ट्रॉफी पाहिजेच, झार'अथूल वगैरे, आणि ते नाव तिथले सगळे लोक, अगदी पाच वर्षांचं पोरसुद्धा, पूर्णच म्हणतं असं दाखवा. लोक देवळाला पण टोपणनाव ठेवतात, गोरा राम, काळा राम, असलं घरगुती प्रकरण आपल्या ग्रंथात नको.

जागा शक्यतो हवेत तरंगणाऱ्या डोंगरावर. नदी लागतच असेल तर चंदेरी, शांत, बारा महिने एकाच पातळीवर वाहणारी. नाहीतर आपल्याकडे काय होतं बघा ना, गंगापूर धरणातून पाणी सोडलं की निम्मं नाशिक पूर बघायला घाटावर, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला, गळ्याला. क्युसेकचे आकडे पेपरात येतात, पण ते समजून कोणी घेत नाही, मारुतीच्या गळ्याला पाणी म्हटलं की दुकानदार माल वरच्या फळीवर चढवायला लागतात. २०१९ च्या पुरात तर मारुती अख्खाच पाण्याखाली गेला होता. आता एक मूर्ती, तिची पूजा पण होते आणि ती गावाची पूरपट्टी पण आहे, हे तुमच्या कादंबरीत शोभणार नाही. तुमच्याकडे भविष्य दाखवणारा स्फटिक आहे ना, तोच ठेवा.

बांधकाम पांढऱ्या संगमरवराचं. काळा दगड डोक्यातून काढूनच टाका, काळारामाला रामशेजच्या डोंगरातला दगड लावला म्हणतात, म्हणजे कोणीतरी तो फोडला, गाडे भरले, बैल हाकले, पंचवटीपर्यंत आणला, आणि हे सगळं लिहायला बसलात तर एक चॅप्टर बैलांच्या चाऱ्यातच जाईल. झीज, शेवाळ, कबुतरं हेही नको. सिन्नरचं गोंदेश्वर यादवांच्या काळापासून उभं आहे, एका चौथऱ्यावर पाच देवळं, मधे शंकर आणि भोवती चार लहान, आणि दगड इतका झिजलाय की काही शिल्पांचे चेहरे ओळखूच येत नाहीत. तुमच्या देवळाला पाच हजार वर्षं झालीत म्हणता पण कोपरे कालच घासून काढल्यासारखे आहेत, ते तसेच राहू द्या, वाचक विचारत नाही.

आता पैसा. हा विषय काढायचाच नाही. देऊळ ‘पूर्वजांनी’ बांधलं, आत तीनशे साधू राहतात, ते शेती करत नाहीत, भिक्षा मागत नाहीत, आणि तरी सगळ्यांच्या अंगावर एकसारखे स्वच्छ झगे. कुठून आले? गप्प बसायचं. कारण एकदा का तुम्ही पांडवलेण्यांवर चढलात (नाव पांडवांचं, लेणी बौद्ध, हा गोंधळ वेगळाच) आणि दहा नंबरच्या लेणीतला उषवदाताचा लेख कोणी वाचून दाखवला, तर संपलात तुम्ही. हा नहपान क्षत्रपाचा, म्हणजे इथल्या तेव्हाच्या राजाचा, जावई. लेणं भिक्षूंना दान दिलं ते दिलंच, वर ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) नाशिकजवळच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे, ठेव म्हणून ठेवले. २००० एका श्रेणीकडे महिना एक टक्क्याने, १००० दुसरीकडे पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. आणि त्या २००० च्या व्याजातून वीस भिक्षूंना कापडासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. गुणाकार करून बघा, वर्षाचे २४० येतात, व्याज पण तेवढंच येतं, पैचा फरक नाही! एकोणीसशे वर्षांपूर्वी फिक्स्ड डिपॉझिट, तेही दोन ठिकाणी वाटून, आणि पावती भिंतीवर कोरलेली. झग्यांचा हिशोब दगडात लिहून ठेवणारे लोक बघितल्यावर तुमचे ते धुक्यातून चालणारे साधू फार बिचारे वाटायला लागतात. म्हणून म्हटलं, चढूच नका. तसंही पायऱ्यांनी दम लागतो.

घंटा उल्केच्या धातूची असावी, देवांनी ओतलेली. आमच्या नारोशंकराच्या देवळावरची घंटा पोर्तुगीजांची, वसईच्या विजयानंतर इकडे आली आणि शंकराच्या देवळावर टांगली गेली. किरिस्तावांची घंटा, मराठ्यांची लूट, महादेवाचं देऊळ, आणि आता गल्लीत कोणी मोठ्याने बोललं की म्हातारी माणसं म्हणतात, ही नारोशंकराची घंटा सुरू झाली. एवढी गुंतागुंत एका घंटेत घालायची गरज नाही.

पुजारी एकच ठेवा. म्हातारा, लांब दाढी, कोड्यात बोलणारा. पूजेची पाळी कोणाची, दक्षिणेत वाटा कोणाचा, फुलं कोण आणतं, निर्माल्य कोण उचलतं, यातलं काही नको, कारण पाळीवरून सख्खे चुलतभाऊ कोर्टात जातात आणि तुमच्या जगात कोर्टच नाहीये. ग्रंथालयात एक भविष्यवाणीचं पुस्तक पुरे. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे वह्या असतात, आडनाव आणि गाव सांगा, तुमचे पणजोबा कधी आले होते, सोबत कोण होतं, त्यांच्या हातची सही, सगळं निघतं. तुमचा हिरो अनाथ आहे ना? मग त्याला या वह्यांच्या जवळपास फिरकू देऊ नका, पहिल्याच पानावर बाप सापडेल आणि तीन भागांची सीरिज तिथेच संपेल.

धर्माचे नियम एकदम सरळ ठेवा, अपवाद नाहीत. शंकरासमोर नंदी असतो म्हणजे असतो. रामकुंडाच्या वरच्या अंगाला कपालेश्वरात नाहीये, आणि का नाहीये याची गोष्ट घाटावर कोणीही सांगेल, पण तुम्ही ऐकू नका, कन्सिस्टन्सी जाते. तसंच पवित्र स्नानाला सगळे पंथ हातात हात घालून उतरतात असं लिहा. सिंहस्थात आधी कोणी उतरायचं यावरून पेशवाईत शैव आणि वैष्णव आखाड्यांची मारामारी झाली, शेवटी शैव त्र्यंबकला कुशावर्त कुंडात आणि वैष्णव नाशकात रामकुंडात अशी वाटणीच झाली, ती अजून चालूय. देव एक, गोदावरी एक, आणि घाट दोन.

आणि प्रवेशद्वार. त्याला जादूचं कवच लावा जे फक्त दुष्टांना अडवतं. फार सोयीचं पडतं हे. कारण काळारामाच्या दारात २ मार्च १९३० ला जे लोक आले होते त्यांना कुठल्याही जादूने अडवलं नव्हतं, आतून दरवाजे लावून घेतले होते, साध्या कड्या-अडसरांनी, रोज देवाला हात जोडणाऱ्या माणसांनी. बाहेरचे पण रामाच्याच दर्शनाला आले होते. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला दलितांच्या मंदिरप्रवेशाचा तो सत्याग्रह काही वर्षं चालला, रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली, बाहेरच्यांना दर्शन काही मिळालं नाही. आणि मग १९३५ मध्ये, याच जिल्ह्यात येवल्याला, बाबासाहेबांनी सांगून टाकलं की हिंदू म्हणून जन्मलो पण हिंदू म्हणून मरणार नाही. हे तुम्ही घेऊ नका. घेतलंत तर व्हिलन गाभाऱ्याच्या आतल्या बाजूला आहे की बाहेरच्या, हे ठरवावं लागेल, आणि तुम्ही तर त्याला शिंगं लावून, लाल डोळे देऊन, पार दुसऱ्या खंडात बसवून ठेवलंय. कव्हर पण छापून तयार असेल.

शेवटचं, हिरो देवस्थानी पोहोचतो तो सीन. तो एकटा येतो, पहाटे, घोड्यावरून, तलवार कमरेला, बूट पायात, आणि तसाच थेट आत जातो. जाऊ द्या. बूट कुठे काढले, टोकन मिळालं का, दर्शनाची रांग कुठून सुरू होते, हे काही लिहायचं नाही. घोडा कुठे बांधला हे तर अजिबातच नाही, नाहीतर पार्किंगवाल्याचं पात्र आणावं लागेल, तो म्हणणार इथे नाही लावायचा, पुढे घ्या, पुढे घ्या अजून, आणि पावती फाडल्याशिवाय तो कादंबरीतून जाणार नाही.