उंदराच्या फोटोवरून बायोप्सी टाळू नका

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. उंदराच्या अंगावर लाल-पिवळे डाग, आणि खाली मजकूर: 'कॅन्सर कुठे पसरलाय ते आता उजेडात दिसतं. बायोप्सी नको, सुई लागली की गाठ पसरते.'

फोटो खरा आहे, मजकूर खोटा.

तो उजेड कॅन्सरचा नव्हेच. मृगाआधी खानापूरच्या रानात चमकतात त्या काजव्यांच्या एका परदेशी भाईबंदाचा जनुक प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशींत घालतात, मग त्या पेशी उंदरात सोडतात. तपासणीआधी उंदराच्या पोटात ल्युसिफेरिन टोचतात (हे द्रव्य मिळालं की जनुक घातलेल्या पेशी चमकतात), त्याला गुंगी देतात, काळ्याकुट्ट पेटीत झोपवतात आणि दहा-पंधरा मिनिटांनी अतिथंड ठेवलेल्या कॅमेऱ्याने तो मंद उजेड टिपतात. लाल-पिवळा रंग नंतर कॉम्प्युटर भरतो. लाल म्हणजे तिथे उजेड जास्त. तुमच्या-माझ्या गाठीत हा जनुक येणार कुठून?

आला असता तरी दिसला नसता. मांसातून बाहेर पडताना हा उजेड दर सेंटिमीटरला साधारण दहा पटींनी घटतो. उंदीर २०-२५ ग्रॅमचा, म्हणून जमतं.

मेसेजमधली सर्वांत घातक गोष्ट सुईची. सुईमुळे कॅन्सर पसरणं फार क्वचित घडतं, आणि ज्या मोजक्या गाठींत ती जोखीम असते तिथे डॉक्टर स्वतःच सुई टाळतात. एरवी गाठ कॅन्सरची आहे का, असली तर कुठल्या प्रकारची, हे बायोप्सीत काढलेला तुकडा तपासूनच कळतं, आणि औषध त्यावरच ठरतं. निपाणी-चिकोडी हा तंबाखूचा पट्टा. इथे गालात तंबाखूची गोळी धरणारे घरोघरी आहेत. तोंडातला चट्टा तीन आठवड्यांत गेला नाही तर बेळगावला दाखवा, मिरजेला दाखवा, पण दाखवा. असल्या मेसेजपायी महिने वाया गेले तर ते भरून निघत नाहीत.

त्या प्रयोगाचं मोल मात्र मोठं आहे. पूर्वी कॅन्सर कुठवर पोचला हे बघायला दर टप्प्याला उंदीर मारावे लागत. आता तोच उंदीर आठवडेच्या आठवडे बघता येतो. मेलेली पेशी चमकत नाही, त्यामुळे औषध लागू पडतंय का तेही कळतं.

माणसांत चमकणारं औषध वापरतात, हेही खरं. अमेरिकेत २०२१ साली अंडाशयाच्या कॅन्सरसाठी पॅफोलासायनिनला मंजुरी मिळाली. पण ते ऑपरेशनच्या वेळी, सर्जनला राहिलेली गाठ दिसावी म्हणून. काढलेला तुकडा तिथेही मायक्रोस्कोपखाली जातोच.