चौदा पायऱ्यांचा परदेश

माडीवर कॉम्प्युटर, खाली लॅपटॉप. मध्ये चौदा पायऱ्या, राऊटर एकच. भावाच्या लग्नाचा व्हिडिओ वरून खाली घ्यायचाय, तर खालच्याला वरचा नेटवर्कवर दिसत नाही! काल दिसत होता की! आज विंडोजमध्ये नेटवर्क आपोआप 'पब्लिक' झालंय म्हणे, म्हणजे परक्या जागेतलं समजून मशीन लपवलंय. टिळकवाडीतलं आमचं घर काय बेळगावचा बसस्टँड आहे? बरं, दिसला तर पासवर्ड मागतो. रोजचा पिन दिला, तर 'चुकीचा'. पिन म्हणे त्या मशीनपुरताच, नेटवर्कवर अकाउंटचा खरा पासवर्ड हवा. तो कुणाच्या बापाला आठवतोय? मग पेन ड्राइव्ह. तो निघाला फॅट३२ या जुन्या फॉरमॅटचा, ४ जीबीच्या वरची फाईल घेतच नाही. आणि व्हिडिओ ११ जीबी! शेवटी आई म्हणाली, "कॉम्प्युटरच उचलून खाली आण की रे." एवढ्यात खानापूरला जाऊन आलो असतो.