पवित्र प्रभाकरला मराठी यायलाच हवी

प्रभाकर नावाची माणसं आयुष्यात बरीच पाहिली. आमच्या आळीतच दोन होते. एक पोस्टात, दुसरे सायकलचं पंक्चर काढायचे. दोघांनाही भिंतीवर चढताना कधी पाहिलं नाही. त्यामुळे परवा (हे मे २०२३ मध्ये लिहितोय) जेवताना नऊ वर्षांच्या भाच्याने एकदम "मामा, प्रभाकर मराठी बोलणार ना?" असं विचारलं, तेव्हा माझा घास हातातच राहिला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पवित्र प्रभाकर म्हणजे पीटर पार्कर ऊर्फ स्पायडर-मॅनचा मुंबईकर अवतार. २००४ साली शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी चार अंकांच्या कॉमिकमधून त्याला जन्माला घातला. खेड्यातून मुंबईत शिकायला आलेला पोरगा, खाली धोतर, वर कोळ्याचा मुखवटा. आंट मेची माया झाली, अंकल बेनचे भीम झाले. तेव्हा कॉलेजात आम्ही ते वाचून फिदीफिदी हसलो होतो. आता तोच १ जूनला 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'मध्ये मोठ्या पडद्यावर येतोय. सिनेमा भारतात दहा भाषांत लागणार आहे आणि त्यात चक्क मराठी आहे. हिंदी आणि पंजाबीत त्याला शुभमन गिलने आवाज दिलाय, ही बातमी तुम्ही वाचली असेलच. आयपीएलच्या कृपेने ती माझ्या आईपर्यंतसुद्धा पोचली.

मी गेला आठवडाभर जरा हवेतच आहे. बायको म्हणते, चाळिशी आली, आता बास. पण यंदाचा उन्हाळा बघा तरी!

खरं तर 'उन्हाळा' हा शब्दच इथे गंमतशीर आहे. समर ब्लॉकबस्टर हे प्रकरण अमेरिकेच्या पंचांगाप्रमाणे चालतं. १९७५ च्या २० जूनला स्पीलबर्गचा 'जॉज' एकदम चारशेहून जास्त थिएटरांत लागला, टीव्हीवर जाहिरातींचा मारा झाला आणि स्टुडिओवाल्यांना कळलं की सुट्टीतल्या पोरांच्या खिशात पैसे असतात. तेव्हापासून मे ते ऑगस्ट हा त्यांचा सुगीचा हंगाम. आपल्याकडे मात्र तोवर आंबे संपलेले, छत्र्या निघालेल्या आणि शाळेच्या बुटांत पाणी.

यंदाचं वेळापत्रक आपल्या कॅलेंडरशी लावून पाहिलं आणि हसू आवरेना. इंडियाना जोन्सचा पाचवा भाग २९ जूनला येतोय, त्या दिवशी आषाढी एकादशी. ऐंशी वर्षांचा हॅरिसन फोर्ड टोपी-चाबूक घेऊन शेवटचं निघालाय आणि इकडे घरात साबुदाण्याची खिचडी. (उपवासाला पॉपकॉर्न चालतो का? मका आहे, पण लोणी लावलेला. जाणकारांनी सांगावं.) टॉम क्रूझचा 'मिशन इम्पॉसिबल' १२ जुलैला, म्हणजे ऐन धो धो पावसात. 'ओपनहायमर' आणि 'बार्बी' एकाच दिवशी, २१ जुलैला, आणि तेव्हा अधिक महिना लागलेला असेल. सासुरवाडीला आधीच कळवून ठेवलंय की यंदा धोंड्याला अनारसे दिले नाहीत तरी चालेल, आयमॅक्सची (त्या अवाढव्य पडद्याची) दोन तिकिटं द्या. पलीकडून अजून उत्तर नाही.

क्रूझबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण मला त्या माणसाचं वेड आहे. येत्या ३ जुलैला तो एकसष्ट पूर्ण करेल. आपल्याकडे या वयात माणसं जिना चढताना कठडा धरतात. हा नॉर्वेमधल्या एका कड्यावरून मोटारसायकलसकट दरीत उडी घेतो, हवेत गाडी सोडून देतो आणि मग पॅराशूट उघडतो. डिसेंबरमध्ये त्या उडीच्या तयारीचा व्हिडिओ आला. पाचशेच्या वर स्कायडाइव्ह, मोटोक्रॉसच्या तेरा हजार उड्या, आणि शूटिंगच्या दिवशी ती खरी उडी सहा वेळा! व्हिडिओत एक क्षण आहे. उडी झाल्यावर सगळे मॉनिटरकडे डोळे लावून गप्प उभे असतात, पॅराशूट उघडल्याचं कळेपर्यंत कुणी श्वास घेत नाही. तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिलाय ते सांगत नाही, ऑफिसातले लोक ही पोस्ट वाचतात. अशा माणसाचा सिनेमा मोबाईलवर पाहणं मला तरी शक्य नाही.

'ओपनहायमर'वाल्या नोलनचं वेड वेगळं. अणुबाँबची पहिली चाचणी त्याने म्हणे कॉम्प्युटर ग्राफिक्सशिवाय उभी केलीय. आयमॅक्स कॅमेऱ्यासाठी कृष्णधवल फिल्म आजवर अस्तित्वातच नव्हती, ती कोडॅककडून खास करून घेतली. वडाळ्याला २००१ साली घुमटाचं आयमॅक्स सुरू झालं तेव्हा मी मावशीकडे राहून तिथे एक छोटा माहितीपट पाहिला होता. मान मागे टाकून, खुर्चीत जवळजवळ आडवा पडून. बाहेर आल्यावर बराच वेळ जमीन सरळ वाटेना. तेव्हापासून पडद्याचा आकार हा माझ्यासाठी हौसेचा विषय राहिलेला नाही.

'ओपनहायमर'ला आमचे अण्णासुद्धा येणार आहेत. सिनेमासाठी नाही, भांडायला. अणुबाँबवाला शास्त्रज्ञ ओपनहायमर बर्कलीला आर्थर रायडरकडे संस्कृत शिकला होता आणि अणुस्फोट पाहून गीता आठवली असं त्याने पुढे सांगितलं, हे मी अण्णांना सांगायची चूक केली. अण्णांचा अकरावा अध्याय पाठ. म्हणाले, "मूळ 'कालोऽस्मि' आहे. काल. साहेबाने त्याचा सरळ मृत्यू करून टाकला." आता ते थिएटरात ते वाक्य यायची वाट बघत बसणार आणि आल्यावर मोठ्याने दुरुस्ती सांगणार. आजूबाजूच्या प्रेक्षकांची आत्ताच क्षमा मागतो.

बाकीचं भराभर सांगतो. 'गार्डियन्स'चा तिसरा भाग ५ मेला पाहिला. एका रकूनसाठी रडलो, लाज वाटत नाही. 'फास्ट एक्स' येत्या गुरुवारी आहे, त्यात भौतिकशास्त्र घरी ठेवून जायचं. 'फ्लॅश'मध्ये मायकल कीटन १९९२ नंतर पुन्हा बॅटमन होतोय, तेवढ्यासाठी जाईन. त्याच्या दुसऱ्याच दिवशी 'आदिपुरुष': दिग्दर्शक ओम राऊत, संगीत अजय-अतुल आणि हनुमान म्हणजे आपला 'जय मल्हार'वाला देवदत्त नागे. टीझर पाहून पोटात गोळा आला होता, नवा ट्रेलर बरा वाटला. शाहरुखचा 'जवान' २ जूनचा सप्टेंबरात गेला, त्याने पाकिटाला जरा श्वास मिळाला.

पण हे सगळं एका पारड्यात आणि १ जूनचा मराठी शो दुसऱ्या.

१९९४ चा मे महिना. मी दहा वर्षांचा, सुट्टीला सांगलीला मामाकडे. 'ज्युरासिक पार्क' अमेरिकेत जून १९९३ ला लागला होता, आपल्याकडे यायला पुढचा एप्रिल उजाडला. दहा महिने! तेवढ्यात आम्ही पोरांनी अख्खा सिनेमा एकमेकांना सांगून संपवला होता, न पाहताच. कुणाच्या तरी मुंबईच्या चुलतभावाने सांगितलं होतं की डायनासोर खरेच आहेत, सरकार लपवतंय.

मामाने सात तिकिटं काढली. आजीपण आली. नऊवारी, हातात पितळी फिरकीचा तांब्या, पिशवीत चकल्या. थिएटरात एसी नव्हता, भिंतीवरचे मोठे पंखे घरघरायचे आणि थंडा विकणारा पोऱ्या बाटल्यांवरून ओपनर फिरवत खर्रर्र आवाज करत रांगेतून जायचा. आणि मग तो प्रसंग आला. पाऊस, बंद पडलेली गाडी, ग्लासातलं पाणी थरथरतं. सगळं थिएटर चिडीचूप. ओपनरवाला पोऱ्यासुद्धा मधल्या वाटेत पडद्याकडे तोंड करून थिजला. आणि त्या शांततेत आजी अगदी स्पष्ट म्हणाली, "आला गं बाई मुडदा."

अख्खी बाल्कनी हसली आणि पुढच्याच सेकंदाला किंचाळली. असा साउंड इफेक्ट मला पुन्हा कुठल्याही थिएटरात मिळालेला नाही.

आजी आली होती, कारण सिनेमा हिंदीत होता. हॉलिवुडच्या इतक्या मोठ्या सिनेमाचं हिंदीत डबिंग करून तो गावोगाव लावायचा हा प्रयोग नवा होता. इंग्रजी असता तर मामाने मला आणि मामेभावाला नेलं असतं, बाकी घर मागे राहिलं असतं. पुढे पुण्यात शिकायला आल्यावर मीच डबिंगला नाकं मुरडायला शिकलो. "मी ओरिजिनलच बघतो" हे वाक्य किती ऐटीत फेकलंय! तेव्हाच्या मला आत्ता एक चापट द्यावीशी वाटते.

मराठीत डबिंग का होत नाही याचं उत्तर वर्षानुवर्षं एकच ऐकतोय: मराठी माणसाला हिंदी कळतं, मग खर्च कशाला? कळतं हो. कळतं म्हणून आपण तमीळ-तेलुगूवाल्यांसारखं कधी मागितलंच नाही. चेन्नईतलं पोरगं आयर्न मॅनला तमिळमध्ये ऐकत मोठं झालं. आमचं पोरगं घरात मराठी बोलतं आणि खेळताना "तुम मुझे नहीं रोक सकते" म्हणतं, कारण त्याच्या डोक्यातल्या सगळ्या शूर माणसांची भाषा हिंदी आहे. भाचा मराठी शाळेत जातो. त्याने तो प्रश्न विचारला तेव्हा मला हे पहिल्यांदा नीट दिसलं.

काल एका मित्राने हरकत घेतली की मराठी डबिंग आलं तर मराठी सिनेमांचे शो जातील, आधीच मिळत नाहीत. शो मिळत नाहीत हे खरंच आहे आणि त्याचा रागही आहे. पण ते खातात ते हिंदी आणि इंग्रजी. हा सिनेमा लागणारच आहे. त्याच्या दहा शोपैकी दोन मराठीत झाले तर मराठी सिनेमाचं त्यात काय गेलं? उलट मराठी ऐकायला तिकीट काढायची सवय लागली तर ती आपल्याच उपयोगाची. 'सैराट'ला २०१६ च्या एप्रिलअखेर मध्यरात्रीचे शो लावावे लागले होते, ते काय हिंदीत होते?

भीती एकच आहे, ती भाषेची. "अरे मित्रा, आपण फार मोठ्या संकटात सापडलो आहोत" असलं काही तो पोरगा बोलला तर मी इंटरव्हलला उठून येईन. मुंबईत मुरलेला, उंच इमारतींवरून लोंबकळणारा पोरगा आहे तो, निबंध लिहायला बसलेला नाही. लोकलच्या दारात लटकणाऱ्याने त्याचे संवाद लिहिले असावेत अशी प्रार्थना आहे.

बाकी सिनेमाबद्दल शंका नाही. २०१८ च्या पहिल्या भागाने ऑस्कर नेलं ते उगाच नव्हे. त्यात एक बारीक कारागिरी आहे, पुन्हा पाहाल तेव्हा लक्ष ठेवा. नायक माईल्स सुरुवातीला अडखळत असतो तेव्हा त्याची चित्रं सेकंदाला बाराच आहेत आणि शेजारचा अनुभवी पीटर चोवीसवर गुळगुळीत चालतोय. पोरगं सरावलं की तेही चोवीसवर येतं. कुणी बोलून दाखवत नाही, पण डोळ्यांना कळतं. आता नव्या ट्रेलरमध्ये पवित्रचं शहर क्षणभर दिसतं, मुंबई आणि मॅनहॅटन मिळून मुंबॅटन. ते रंग पाहून मला मामाच्या माळ्यावरच्या इंद्रजाल कॉमिक्स आठवल्या. मराठी वेताळ, कडा झिजलेल्या, धुळीचा वास. ट्रेलर तिथे थांबवून भाच्याला दाखवला. तो म्हणाला, "मामा, पुढे जाऊ दे ना."

एक काळजीसुद्धा सांगून टाकतो. २ मेपासून हॉलिवुडचे लेखक संपावर आहेत. मागण्या रास्त आहेत, लिहिणाऱ्याला पैसे मिळालेच पाहिजेत. पण हे लांबलं तर पुढच्या उन्हाळ्याचं काय होईल, माहीत नाही. म्हणून यंदाचा एकही सोडायचा नाही असं ठरवलंय. तिकिटावर १८ टक्के जीएसटी, आणि बाहेरचं खाणं अडवायचा हक्क थिएटरवाल्यांना आहे हे सुप्रीम कोर्टानेही जानेवारीत सांगून टाकलं, म्हणजे चकल्याही गेल्या. असो.

१ जूनला गुरुवार आहे. रजेचा अर्ज दिलाय, कारणाच्या रकान्यात 'घरगुती काम'. साहेब फेसबुकवर नाहीत, असावेत असं वाटत नाही. रोज सकाळी दात घासताना तिकिटांचं ॲप उघडतो, भाषेच्या यादीत मराठी दिसतं का बघतो. अजून बुकिंगच सुरू नाही. तरी बघतो.

कोथरूड, कर्वेनगर, सिंहगड रोड, कुठेही मराठी शो दिसला तर आधी मला टॅग करा, मग स्वतःचं बुक करा. पाच तिकिटं हवीत. सकाळचा शो असेल तर उत्तम, आणि आईला कडेची सीट लागते.