गच्चीवर सूर्य, खाली डिझेल

प्राचार्य साहेब, कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची समिती येतेय म्हणता? मग गच्चीवर सोलर बसवूनच टाका. त्यांच्या मूल्यांकनात पर्यायी ऊर्जेचा रकाना असतो आणि त्याला फोटो जोडावे लागतात. 100 किलोवॅटला साधारण दहा हजार चौरस फूट गच्ची लागेल, दिवसाला चारेकशे युनिट निघतील. फोटो ड्रोननेच काढा.

बॅटरी मात्र चुकूनही घेऊ नका. कोणी तरुण प्राध्यापक सांगेल की, सर, बॅटरी नसली तर लाइन गेली की ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाइनला जोडलेला, इन्व्हर्टरही बंद पडतो. बरोबर आहे, खांबावर चढलेल्या वायरमनला उलटा करंट बसू नये म्हणून ती सोय असते. म्हणजे मे महिन्यात भर दुपारी ऊन आग ओकत असताना, वर दहा हजार चौरस फूट गच्ची पॅनेलनी भरलेली असताना, खाली परीक्षेच्या हॉलमधले पंखे थांबणार. थांबू द्या. जनरेटर आहे ना! डिझेलचं बिल वेगळ्या खात्यात पडतं, ते समितीला कोण दाखवतंय?

फारच आग्रह झाला तर टेंडरमधली सगळ्यात स्वस्त लेड-अ‍ॅसिड बॅटरी घ्या, जिन्याखालच्या बिनखिडकीच्या खोलीत ठेवा आणि डिस्टिल्ड वॉटर घालायचं काम कोणालाच सांगू नका. पॅनेल टाकीच्या सावलीत आले तरी हरकत नाही. एकावर सावली पडली की अख्ख्या माळेचं उत्पादन घसरतं, पण मीटर वाचायला वर चढतो कोण? धूळ एनएसएसची मुलं 15 ऑगस्टला पुसतील.

आता शेजारच्या वाडीचे सरपंच येतील. म्हणतील, सुट्टीत तुमची वीज वाया जाते, बॅटरी टाकून आमच्या पाण्याच्या पंपाला जोडा. चहा पाजा आणि विषय विकास समितीकडे पाठवा. ते पुणे जिल्ह्यातल्या दरेवाडीचं नाव काढतील. तिथे 2012 पासून जेमतेम साडेनऊ किलोवॅटच्या सोलरवर चाळीसेक घरांत दिवे लागले. घरोघरी मीटर, बिलाची वसुली आणि देखभाल गावाचीच.

गडबडून जाऊ नका. शांतपणे सांगा, दरेवाडीत इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगचा विभाग नव्हता, आपल्याकडे आहे. मायक्रोग्रिड, म्हणजे असं गावापुरतं छोटं वीजजाळं, अभ्यासक्रमातही आहे. तो तास चालू असताना लाइट गेली, तर मुलांना सोडून द्या.