पाच मिनिटं गप्प बसा

बीपीचं यंत्र विकत आणणं सोपं. अवघड असतं ते त्याच्या डब्यातल्या कागदावरचं एक वाक्य : ‘मोजण्यापूर्वी पाच मिनिटं शांत बसा.’ हे लिहिणारा माणूस इंदूरच्या मराठी घरात एक दिवसही राहिलेला नाही. आमच्याकडे कुणी पाच मिनिटं गप्प बसलं, की “काय झालं? बरं नाहीये का?” म्हणून आत्यापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे चौकशीला येतात. त्यांना उत्तर द्यावं लागतं आणि मोजताना बोललं की वरचा आकडा दहाच्या आसपास सहज चढतो. मग तो आकडा बघून आणखी चार जण चौकशीला येतात.

बाकीच्या अटीही त्याच जातीच्या. अर्धा तास आधी चहा नाही, कॉफी नाही, तंबाखू नाही, जिना चढणं-उतरणं नाही. लघवीला जाऊन यायचं, कारण तुंबलेल्या मूत्राशयानंही आकडा फुगतो. पाठ खुर्चीला टेकलेली, पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. खुर्चीतसुद्धा मांडी घालून बसणारी आमची पिढी. दोन्ही पावलं जमिनीवर टेकवून बसायचं म्हटलं की न्हाव्याकडे बसल्यासारखं वाटतं.

पट्टा बांधलेला दंड हृदयाच्या पातळीला हवा. हात खाली लोंबता ठेवला, तर दर दहा सेंटिमीटरला साधारण सात-आठ आकडे वाढतात आणि वर धरला तर तेवढेच घटतात. म्हणजे एकाच माणसाला एकाच वेळी रोगी आणि निरोगी ठरवायची सोय आहे. टेबल बुटकं असेल तर हाताखाली काहीतरी द्यावं लागतं. जुने दिवाळी अंक यासाठी अतिशय योग्य. दोन ठेवले की बहुतेकांचं काम होतं. उंच माणसाला विशेषांकही लागतो.

पण खरी गंमत पट्ट्याची. यंत्राबरोबर येणारा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. हे त्यावर छापलेलं असतं आणि कुणीही वाचत नाही. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये शिंप्याची टेप लावून बघा. शेव-कचोरीवर पोसलेला दंड ३५ निघाला, तर मोठा पट्टा वेगळा घ्यावा लागतो. लहान पट्टा ओढूनताणून बसवला की शीर दाबायला हवा जास्त भरावी लागते आणि आकडा खोटाच वर जातो. कित्येकांचं बीपी रक्तात नसून पट्ट्यात असतं, असं माझं ठाम मत आहे.

पट्टा उघड्या दंडावर बांधायचा. थंडीत आमच्याकडे बाह्या वर सारतात, स्वेटर, शर्ट, आतला थर्मल, सगळं एकदम. त्या गुंडाळीचा दंडाला आवळ बसतो आणि यंत्राला कळत नाही की दाबतोय कोण. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर, नळी आतल्या बाजूनं तळहाताकडे उतरणारी आणि पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम सरकतील इतकं घट्ट. सैल असेल तर घुर्र घुर्र करून यंत्र दुसऱ्यांदा हवा भरतं आणि शेवटी आकड्यांऐवजी ‘ई’ दाखवतं. ‘ई’ हा रोग नव्हे. पट्टा नीट बांधा, हात हलवू नका. तरीही दिसला तर सेल बदला.

बटण दाबल्यावर पडद्यावरचा आकडा पळायला लागतो : १४०, १६०, १८०. इथे खोलीतल्या कुणीतरी “अरे देवा!” म्हणायचं असतं. तो आकडा तुमचा नसतो, पट्ट्यातल्या हवेचा असतो. आधी शीर पुरती दाबली जाते, मग हवा हळूहळू सुटते आणि रक्ताच्या प्रत्येक ठोक्यासरशी पट्ट्यात उठणारे बारीक हेलकावे यंत्र टिपतं. त्यांच्या चढउतारावरून वरचा आणि खालचा आकडा हिशेबानं काढतं. नाडी अनियमित असेल तर हा हिशेब चुकू शकतो. तेव्हा स्टेथोस्कोप लावलेला डॉक्टरांचा कान बरा.

एवढ्यावर कुरकुर करणाऱ्यांनी स्टीफन हेल्सची घोडी आठवावी. या इंग्रज पाद्र्यानं १७३३ साली छापलेल्या प्रयोगात घोडीला जमिनीवर बांधून तिच्या धमनीत पितळी नळी खुपसली होती. काचेच्या नळीत रक्त आठ फुटांच्याही वर चढलं. घोडी पाच मिनिटं शांत बसली होती का, याची मला शंका आहे. दंडाचा पट्टा आणि पारा १८९६ मध्ये इटलीच्या रिव्हा-रोची यांनी आणला. आता घरच्या यंत्रातून पारा गेला, आकडे मात्र अजून पाऱ्याच्याच मिलिमीटरमध्ये.

पहिल्यांदा दोन्ही हातांचं बघायचं. ज्या हाताचा आकडा जास्त, तोच हात पुढे कायम. त्यानंतर सात दिवस सकाळी नाश्त्याआधी आणि गोळीआधी, तसंच संध्याकाळी, एकेका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं. पहिला दिवस सोडून द्यायचा, बाकीच्यांची सरासरी काढायची. घरी ही सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर गेली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जायचं. दवाखान्यात हीच रेघ १४०/९० ला असते, कारण पांढरा कोट बघून पुष्कळांचं बीपी आदरानं उभं राहतं. काहींचं उलट, दवाखान्यात साळसूद आणि घरी चढलेलं.

लोक मात्र मनासारखा आकडा येईपर्यंत बटण दाबतात आणि मग १३०/८० असा गोल आकडा लिहून मोकळे होतात. १३७ आला तर १३७ लिहावा. त्यावरून गोळी स्वतःच वाढवू नये, सोडूही नये. १८०/१२० च्या पुढे गेला तर काही मिनिटं थांबून पुन्हा मोजायचं. तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. सोबत छातीत दुखणं, धाप, जीभ जड होणं किंवा हातापायातली शक्ती जाणं असेल, तर पुन्हा मोजत बसायचं नाही, थेट इस्पितळ. इथे माझा विनोद संपतो.

मिठाचं काय, हे इंदूरकराला विचारू नये. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा चमचाभरही नाही. आमच्या पोह्यात ते एकदा पडतं, वर भुरभुरलेल्या जिरावण मसाल्यातून दुसऱ्यांदा, शेवेतून तिसऱ्यांदा, आणि रात्रीचा सराफा, म्हणजे आमचा खाऊबाजार, अजून उघडायचाच असतो.

वहीत शेवटी ‘शेरा’ असा एक रकाना आखावा. फार उपयोगी पडतो. नमुना असा :

मंगळवार संध्याकाळ, १४६/८८. शेरा : “भिया, माझंपण बघ ना” म्हणत पाच जण रांगेत.
बुधवार सकाळ, १४१/८६. शेरा : पाहुणे आज जाणार होते, उद्यावर गेलं.
गुरुवार संध्याकाळ, १२८/७९. शेरा : गेले. यंत्राचे सेल नेले.