बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी आधी बाहेर काढा

ग्वाल्हेरला थंडी पडली की लष्कर भागातल्या किती तरी मराठी घरांत बाळंतिणीची खोली गच्च बंद होते. खिडकीच्या फटीत चिंध्या, बाजेखाली कोळशाची शेगडी, वर ओवा-वावडिंगाची धुरी. आजी, काकू, तुमच्या मायेबद्दल शंकाच नाही. पण ही धुरी बंद करा, असं मी हात जोडून सांगतेय.

श्वासनळीच्या आतली बारीक लव कफ आणि जंतू वर ढकलत असते. धुराने तीच मंदावते, आणि साधी सर्दी छातीत उतरायला वाट मिळते. घरातल्या धुराने लहान मुलांच्या न्यूमोनियाचा धोका जवळजवळ दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो, तो वेगळाच. ऊब हवी तर टोपी, मोजे, दोन-तीन पातळ कपडे, आणि बाळ आईच्या उघड्या छातीशी, वरून शाल. नाकात तेलही सोडू नका; ते फुप्फुसात उतरतं.

वजन अडीच किलोच्या आत, दिवस पुरे न भरलेले, हृदयाला छिद्र, सहा महिन्यांआधी वरचं दूध, घरात विडी-सिगारेट: अशा बाळांचा आजार भराभर वाढतो. न्यूमोनियाच्या जंतूवरची न्यूमोकोकलची लस 2021 पासून देशभर सरकारी केंद्रांत फुकट आहे. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर. हा तिसरा डोस गोवर-रुबेलाच्याच दिवशी असतो, आणि ‘एकदम दोन सुया नकोत’ म्हणून नेमका तोच राहतो. दोन्ही त्याच दिवशी घ्या, काही बिघडत नाही.

खोकला असेल तर श्वास मोजा. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना झबलं वर करून पोटाकडे बघा, मोबाइलवर पूर्ण 60 सेकंद लावा. अर्ध्या मिनिटाची दुप्पट नको, तान्ह्याचा श्वास एका लयीत नसतो. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, वर्षाच्या आत 50, पाच वर्षांपर्यंत 40 भरले, की त्याच दिवशी डॉक्टरांकडे. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, दूध ओढत नाही, झटके येतायत किंवा उठवूनही उठत नाही, तर मोजत बसू नका, रात्री दोन वाजले असले तरी थेट दवाखान्यात न्या. आणि तापाची वाट बघू नका: तान्ह्या बाळाला गंभीर संसर्गात ताप न येता अंग गारही पडतं.